जावयाचं गाऱ्हाणं

हॅलो?… हॅलो, कोण?… नमू! बोल गो बाय. अगं आप्पाच बोलतोय, तुझ्या बापाचा फोन दुसरं कोण उचलणार?… हो, हो, येतंय ऐकू. देवळाबाहेरच्या दगडी गडग्याला टेकून उभा आहे. अख्ख्या गावात रेंज येते ती इथेच. देवीची कृपा. हे तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, लगेच त्यावर कविता पाडील.

…कुठे आहे म्हणजे? आहे की. धडधाकट आहे… अगं चिडतेस काय? दोन दिवस फोन उचलला नाही? मोठा माणूस झालाय तो. उद्या रत्नागिरीत सत्कार, गळ्यात हार, मागे पडद्यावर हा एवढा फोटो. फोन न उचलायची सवय आधीपासूनच लावून घेत असेल.

…बरं, बरं. सांगतो. पण पहिल्यापासून सांगणार. मधूनच सुरू केलं की गोष्ट लंगडते.

तर काशीराम गेला, हे तुला कळलंय. बरोबर देवदिवाळीच्या चार दिवस आधी. एक्क्याण्णव वर्षं थांबला मेला, आणखी एक आठवडा थांबायला काय झालं होतं?… हो गो, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. चांगला होता काशीराम. पण अख्ख्या भावकीला सुतक लावून गेला. आता देवदिवाळीला देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. आणि आपल्यातल्या एकालाही देवळाची पायरी चढता येईना. मग गाऱ्हाणं घालायचं कोणी?… गुरव? गुरवाने पूजा करावी. गाऱ्हाणं त्याच्याकडे गेलं तर पुढच्या वर्षी मान परत मिळेल होय?

तेवढ्यात तुझा उन्मेष उतरला एसटीतून. झब्बा, झोळी आणि खांद्यावर तो कॅमेरा. गावकऱ्यांचं लगेच ठरलं, जावई परगोत्री, त्याला सुतक नाही, शिवाय पुरस्कारवाला कवी. देवावर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्याच्यापेक्षा लायक कोण?

…वाचलंय! मी वाचलंय ते पुस्तक. ‘रिकाम्या गाभाऱ्याची टिपणं’. एकशे बारा पानं. पहिल्या पानावर विचारतो, देवा, तू आहेस का? आणि एकशे बाराव्या पानावर पुन्हा तेच विचारतो. अरे, मग मधली एकशे दहा पानं कशाला चालत गेलास?… हो, मिळालाय ना पुरस्कार. परीक्षकांनाही उत्तर सापडलं नसेल.

ऐक गो. देवळात गेला की हात कसे जोडतो पाहिलंस का? दोन तळव्यांत चार बोटांचं अंतर. विचारलं, जावईबापू, हे काय? म्हणतो, ‘ही शंकेची जागा आहे, आप्पा.’ एवढ्या जागेत आपल्या गाईची पाडी बांधता येईल.

…सांगतोय ना! पुढेच जातोय. मी त्याला विचारलं, गाऱ्हाणं म्हणजे काय ठाऊक आहे का? म्हणतो, ‘सामूहिक आर्ततेचा लोकाविष्कार.’ म्हटलं होय, तोच. पुढे उभा राहून एकाने देवीकडे मागायचं, मागे गावाने प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा. ह्याला एवढं लांब नाव आहे हे मला सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग झालं सुरू. मी इथेच, गडग्याबाहेर. डोळे मिटून म्हणतो कसा, ‘हे माते, तू आहेस, की आमच्या भीतीला दिलेलं नाव आहेस?’ गाव म्हणालं, ‘व्हय म्हाराजा!’… अगं खरंच! ‘तुझ्या मौनात आम्हाला आमचाच आवाज परत येतो.’ ‘व्हय म्हाराजा!’ धोंडू सगळ्यांत जोरात. धोंडू शब्द ऐकतोय कुठे, पुढचा माणूस श्वास घ्यायला थांबला की हा गर्जतो. मी इथे पोट धरून हसतोय, डोळ्यांतून पाणी. देवीसुद्धा जराशी हसली… मखराबाहेर वाकून बघितलंन तिने, कोण आलंय म्हणून. मी पाहिलं.

…बरं, नाही पाहिलं. पण हसली असणार.

मग गंगुबाई पुढे आली.

…तीच गो, खालच्या वाडीतली. बाळाची आई. बाळा तुझ्याच वर्गात होता ना? तो आता मालवाहू बोटीवर असतो. एकोणीस दिवस झाले, बोटीचा ठावठिकाणा नाही. कंपनीला फोन केला की म्हणतात, संपर्काचे प्रयत्न चालू आहेत. रोज तेच वाक्य, फक्त बाई बदलते… हो, तुम्हाला तिकडे ठाण्यात कसं कळणार? तर ती ओटी घेऊन आली आणि जावयाला म्हणाली, ‘माझ्या बाळाचं गाऱ्हाणं घाला.’

तिथे माझं हसणं थांबलं. मी हात केला, खूण केली. पण डोळे मिटलेल्या माणसाला खूण दिसणार कशी?

म्हणाला, ‘माते, त्या निळ्या अथांगात बाळा कुठेतरी असेल… किंवा नसेल…’

आणि श्वास घेतला, नमू. तिथेच श्वास घेतला.

…म्हटलं ना. अख्ख्या गावाने म्हटलं. व्हय म्हाराजा.

…

…आहे, आहे. फोनवरच आहे मी.

नाही, ती ओरडली नाही. रडलीसुद्धा नाही. ओटी हातात तशीच, खाली बसली. परवापासून मंडपात बसून आहे. पाण्याशिवाय तोंडात काही नाही. म्हणते, गावाने माझ्या पोराच्या ‘नसेल’ला रुकार दिलाय, तो परत घ्या, मग उठते.

…अंधश्रद्धा? हे तू तिच्यासमोर येऊन बोल. अगं, गाऱ्हाण्यात नकाराचा शब्द काढायचाच नसतो! जे बोललं त्याला रुकार मिळतो, चांगलं असो की वाईट. तुझा पणजा एकदा एवढंच म्हणाला होता, ‘पाऊस नसेल तर’, आणि त्याला आली शिंक. गावाने तिथेच रुकार दिला. वर्षभर आभाळ कोरडं ठणठणीत. खाडीतले मासे कळशा घेऊन आपल्या विहिरीवर रांगेत उभे… हसू नकोस. मी नाही पाहिले. आजोबांनी मोजले होते.

तर काल गावकरी बसले. ठरलं असं, की ज्या तोंडाने गेलं त्याच तोंडाने परत आणायचं. उन्मेषने पुन्हा उभं राहून नीट मागायचं. आणि तुझा नवरा काय म्हणतो माहितेय? ‘आप्पा, मला खोटं बोलता येणार नाही.’ ऐकलंस? जन्मभर देवावर लिहिलं, आणि देवीशी दोन शब्द बोलायची पाळी आली तर म्हणे खोटं! नारळावर चार ग्रंथ लिहिणाऱ्याने नारळ फोडायला नकार द्यावा, तसं झालं हे.

…मंडपातच आहे. तिच्यापासून दोन हातांवर. तोही उपाशी. फोन पिशवीत कोकलतोय, ऐकतो मी इथून… काय? सत्काराचं काय होणार? नमू, इथे एक बाई दोन दिवस— हं. हं, बोल… नाही, तोडत नाही. बोल.

…नवस?

…कोणी, उन्मेषने? आईसाठी?… हो, ती आजारी होती एवढं ठाऊक आहे मला. लग्नाच्या आधीची गोष्ट… वेळणेश्वराला? चालत?… अनवाणी. बरं… आणि तो परतल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली.

…

मग त्यानंतर कोणाकडे काही मागितलंच नाही?… कधीच?

…आठ वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही… मी विचारलं नाही, हे खरं. मी त्याला पुस्तकाचं सोडून काही विचारलंच नाही कधी, आणि तेही टर उडवायला… पण मग पुस्तकात सरळ का नाही लिहिलंन त्याने? ‘आई मागितली, दिली नाहीस.’ झालं! दोन ओळींत गोष्ट संपली असती. तेवढं सोडून बाकी सगळं लिहिलंय. अथांग काय, अनंत काय… नाही गो, टिंगल नाही करत. सवय आहे जिभेला, लगेच थांबत नाही.

…काय?… कोणी, मी?

…

…आला होता. विचारायला आला होता. वही घेऊन, दोनदा. ‘आप्पा, काही नियम असतात का?’ म्हणून.

…म्हटलं, जावईबापू, तुम्ही एवढे मोठे कवी, तुम्हाला आम्ही काय शिकवणार?

…हो. मुद्दाम… मुद्दामच गो! मजा बघायची होती. गावाने हसावं असं वाटत होतं. वाटलं, एकदा चांगला फजित होऊ दे… गंगुबाई मध्ये येईल हे मला काय ठाऊक?… ओरड. ओरड, तुझा हक्क आहे. तुझ्या आईनेही हेच म्हटलं असतं, फक्त आणखी मोठ्याने.

…धर जरा. ठेवू नकोस फोन. थांब.

जावईबापू! ओ जावईबापू! जरा गडग्यापाशी या. मला पायरी चढता येत नाही… या, या.

नमू आहे फोनवर… नाही, नंतर बोला. आधी माझं ऐका. तुमच्या आईचं सांगितलं तिने मला… तिच्यावर रागावू नका. आणि दुसरं, परवाची चूक माझी. नकाराचा शब्द तोंडातून काढायचा नसतो, हा नियम मला ठाऊक होता. तुम्ही विचारलंत आणि मी सांगितला नाही… हो, जाणूनबुजून. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण मुक्तछंदात नको, समजेल अशा द्या.

…आता बघा. देवी आहे की नाही, हे ठरवायला तुम्हाला कोणी आत बोलावलेलं नाही. ते उद्या सत्काराला ठरवा, बटाटेवडा खात. गंगुबाईने तुमचं मत मागितलंय का? तिने तोंड मागितलंय… खोटं कसं? तिचा पोरगा घरी यावा असं तुम्हाला वाटतं की नाही?… वाटतं ना? मग जेवढं वाटतं तेवढं बोला. त्यापुढे एक अक्षर नको. ह्यात खोटं कुठे आलं?

…नाही आला तर?

…ते मला ठाऊक नाही. आजवर मी किती गाऱ्हाणी घातली, त्यांतली किती फुकट गेली हे गावालाही ठाऊक आहे. त्या घरांत मग जाऊन बसावं लागतं. तेव्हा मी तुमच्याबरोबर येईन. दोघं जाऊन बसू.

…जा. ती वही कशाला आत? इथे ठेवा गडग्यावर. मी धरतो.

…हॅलो? नमू? आहेस ना? गेला आत… हो, ऐकलं ना सगळं? मग रडतेस कशाला? रडू नकोस, मला पुढचं सांगता येणार नाही.

उभा राहिलाय. गंगुबाई उठत नाहीये, पण मान वर केलीय तिने. गाव जमलंय, खालच्या वाडीतली माणसंसुद्धा… अगं थांब, बोलतोय तो. श्श!

…

‘आई, बाळाला घरी आण.’

…एवढंच. नाही, पुढे काही नाही. थांबलाय… कळली गो. त्याची ओळ मला एका दमात कळली.

…काय झालं काय? काही नाही झालं. कोणी रुकारच देत नाही! घाबरलेत सगळे. परवाचा रुकार अंगाशी आलाय ना. एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. धोंडू तोंड उघडून तसाच उभा आहे, बायकोने दंड धरलाय त्याचा.

…तो वळून बघत नाही. पाठ दिसतेय नुसती. गंगुबाई मात्र मागे बघायला लागली, एकेकाकडे… अरे म्हणा ना कोणीतरी! गाव आहे की फोटो आहे?

…मी? मी कसा म्हणणार? मी सुतकात, काशीरामाला जाऊन दहा दिवस तरी झालेत का? शिवाय आठ वर्षांत ह्या माणसाच्या एका ओळीला मी होय म्हटलेलं नाही, आणि आता एकदम…

…

नमू, फोन कानापासून लांब धर. नाहीतर ठेवच. सुतकातला रुकार चालतो की नाही, त्यावर मी देवीशी मागाहून भांडेन. ठेव, ठेव गो, गंगुबाईची मान खाली जायला लागली…