खाली उतरणारा तंबोरा

मंडळी, उशिरा बोलायला उभा राहिलो, माफ करा. मघाशी दोनदा नाव पुकारलं, तरी मी बसूनच राहिलो. मी सातवी शिकलेला, आंजीच्या भजनी मंडळातला म्हातारा. शोकसभेत काय बोलतात, मला ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

श्रीधरभाऊचं पुलगावचं दुकान तुम्ही पाहिलंय. बाहेर पाटी रेडिओ दुरुस्तीची. आत मात्र भलतंच जग. हवेत हात फिरवला की गाणारी तारेची चौकट. बोट टेकलं की घुमणारा बिस्किटाचा डबा. तिथं बसलं की सूर हळूहळू अंगावर चढायचा, पाण्यात पाय सोडल्यासारखा. दुपार कधी सरली, कळायचं नाही.

मला त्यानं विजेचा तंबोरा करून दिला. जुन्या ट्रान्झिस्टरच्या खोक्यात. समोर बारका माइक. मी विचारलं, "हा माइक काऊन?" म्हणाला, "त्याले बी तुयं गाणं ऐकू दे ना, बाप्पा. आम्हीच काऊन भोगाव?"

काही महिने छान गेले. मग एका एकादशीला हार्मोनियमवाला मधेच थांबला. "काका, तंबोरा खाली उतरून राह्यला."

तंबोऱ्याचा डबा घेऊन मी तडक पुलगाव गाठलं. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुया डबा बेसूर हाय. घे वापस."

श्रीधरभाऊनं डबा हातात घेतला. "असन गड्या काही दोष. ठेव." एवढंच.

परवा श्रीधरभाऊच्या घरी जाऊन वहिनींना भेटलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, दोष नोहता. तुमचा आवाज उतरला का तंबोऱ्यानं बी उतराव, असाच बनवला होता त्यायनं. म्हणत, त्याचा दम तुटते, गाणं नाई तुटलं पाह्यजे."

मंडळी, बेसूर कोण होतं? तंबोरा तर माझा हात धरून उतरत होता. खरं सांगितलं असतं तर मी पुन्हा तोंड उघडलं नसतं. म्हणून तो गप्प राहिला का? आता कोणाला विचारू?

तो डबा पुढं त्यानं कुठल्याशा भजनी मंडळाला दिला. कोणत्या, ते वहिनींना आठवत नाही. मला धास्ती वाटते, कोणी बिघडलेला समजून भंगारात घालेल. हिंगणीकडं, सेलूकडं, कुठंही असेल तर मोडू नका. तो बिघडलेला नाही. त्याच्याजवळ कमी दमाच्या माणसाला बसवा.

आता दोन मिनिटं गप्प उभे राहू, श्रीधरभाऊसाठी. आणि डबा सापडला तर लवकर निरोप धाडा. एकदा तरी त्याच्यासोबत गाऊ द्या. आवाज रोज थोडा उतरतोय.