सेल फिरतो, इंजन पकडत न्हाई

…हसू नका, तुमाला सांगतो, मशीन हाय, बंद पडतंच! हिरीवरली मोटर बंद पडती, गिरणी बंद पडती, मग गाडी बंद पडली तर त्यात एवढं लाजायचं काय? पण पडावी कुठं? दारात! सकाळी आठाला, अख्ख्या गल्लीसमोर! अन् गाडीत कोण बसलेलं? माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची, शिवहारची पोरगी, प्रतिक्षा! पोलीस भरतीचा लेखी पेपर, हिंगोलीला, दहाला गेट बंद म्हणजे बंद, अन् पुढच्या भरतीला तिचं वय बसत न्हाई, म्हणजे शेवटचा चान्स लेकराचा! अन् आमचं गाव डोंगरकड्याजवळ, तिथून हिंगोली साठेक किलोमीटर…

शिवहार बिचारा आदल्या दिवशी म्हणत व्हता, "दादा, साडेसहाच्या एसटीनं जातो आमी, तुमाला कशाला तकलीफ." तर मीच, छाती काढून! "घरची गाडी असताना एसटी काहून? आठाला निघू, साडेनऊला गेटावर सोडतो!" झालं. एसटी गेली निघून. मी गाडीत बसलो, चावी फिरवली. घुर्र घुर्र घुर्र… गप. परत फिरवली. घुर्र घुर्र घुर्र… गप. सेल फिरतो, इंजन पकडत न्हाई!

आता गावात गाडी बंद पडली की माणसं कुठून येतात ते मला अजून कळलं न्हाई. शेजारचे दगडोबा आले, ऐंशीला टेकलेले, जन्मात स्टेअरिंगला हात लावला न्हाई, अन् काठी टेकत म्हणतात कसे, "किशन, तिला पेट्रोल पोचंना गेलंय." म्हणलं, "आबा, काटा अर्ध्यावर हाय, बघा की!" "काट्याला काय करतो? इंजनाला पोचायला पायजे का न्हाई?" म्हणलं, तुमी ओट्यावर बसा. मग आला स्वप्निल. मोबाईलचं दुकान हाय त्याचं, म्हणून त्याला समदंच कळतं. "काका, सेन्सर गेलाय." कोणता रे? "ते मशीन लावल्याबिगर सांगता येत न्हाई." मग आला काहून तू? तरी बॉनेट उघडलं, भर उजेडात फोनची टॉर्च लावली, मग एक व्हिडिओ लावला, त्यात एक दाढीवाला सांगून राहिला, "दोस्तों, सबसे पहले घबराना नहीं है…" अन् इकडं आमचे सव्वाआठ झालेले! मग स्वप्निलनं माझ्याच फोनवरून वारंगा फाट्याच्या, गाड्यांची वायरिंग करणाऱ्या वायरमनला दोन कॉल लावले, त्यानं उचलले न्हाईत. तेवढ्यात समोरच्या सोजराबाई मीठ-मिरच्या मुठीत घेऊनच आल्या, "दृष्ट लागली वं माय गाडीला, रोज पुसत बसतो ना हा!" अन् बॉनेटवरून सात येळा उतरवल्या! मी आपला सेल मारतोय… घुर्र घुर्र… घुर… घु… अन् शेवटी नुसतं टिक टिक टिक. घ्या! बॅटरी बी उतरली!

अन् पोरगी? बाजूच्या सीटवर, हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत धरून बसलेली. हातातल्या घड्याळाकडं बघायची, परत समोर बघायची. ती ओरडली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

तुमी म्हणाल, मोटरसायकलवर न्यायची. व्हती ना शिवहारची मोटरसायकल. ती मेव्हण्यानं मागून नेलेली. शिवहार असाच. कोणी काय मागितलं की देऊन मोकळा.

तर तो लागला ढकलायला. आधी एकटा, मग चौघं-पाचजण. सेकंड गिअर टाका, क्लच सोडा! मारुतीच्या पारापर्यंत ढकलली, गाडी नुसती उचकी लागल्यावानी हिसके देती अन् गप. शिवहारच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल फेकली, अनवाणी लागला. अन् घामानं निथळत खिडकीपाशी आला, मला वाटलं आता बोलणार, अन् बोलायचा हक्क व्हता त्याला… तर म्हणतो काय, "दादा, माझंच चुकलं. परवा मी शेळीला डॉक्टरकडं न्यायला गाडी मागितली, तवा बी असंच झालतं ना, सेल फिरला अन् पकडलं न्हाई. तवाच तुमच्या मागं लागून दाखवायला पायजे व्हती. जाऊ द्या, मशीन हाय, बंद पडतंच."

परवा.

तुमाला सांगतो, तवा कुठं माझ्या ध्यानात आलं. परवा… बटण!

आता सांगूनच टाकतो, लपवून काय करू? शिवहार गाडी मागायचा. महिन्यातून चारदा. स्वतःसाठी कधी न्हाई, हां, खोटं कशाला बोलू. कोणाची बाळंतीण न्यायची, कोणाचा म्हातारा दवाखान्यात न्यायचा, न्हाईतर घरची शेळी! अन् गाडी परत आली की सीटवर लेंड्या, सीट मागं सरकवलेली, टेपाचा आवाज वाढवलेला! मग तोंडावर "न्हाई" म्हणावं की न्हाई माणसानं? पण माझं तोंडच उघडत न्हाई! किशनराव म्हणून गावात मान हाय ना, मोठ्या भावानं न्हाई कसं म्हणायचं! मग हे किशनराव गेले वारंगा फाट्यावर, धर्मसिंग वायरमनकडं, अन् गुपचूप सीटखाली चोर स्विच बसवून आले. बटण बंद केलं की पेट्रोलच्या पंपाची लाईन बंद. धर्मसिंग म्हणला, "सेल्फ घूमेगी, इंजन नहीं पकडेगा, किसी के बाप को समझ में नहीं आता!" बाप राहू द्या हो, बसवणाऱ्यालाच समजलं न्हाई! आदल्या संध्याकाळी गाडी लावताना बंद केलं अन् पार इसरून गेलो. अन् अख्ख्या गावात बराबर कोणी सांगितलं? दगडोबानं! अन् मी त्यांना ओट्यावर बसवलं!

आता बटण दाबायचं तरी कसं? बॅटरी उतरलेली, धक्का तर लागणारच, अन् भोवती ही जत्रा. म्हणलं, "एकदा, शेवटचं, जोरात!" शिवहार परत मागं गेला. अनवाणी. अन् मी, त्याचा मोठा भाऊ, पाय खाजवायचं नाटक करून हात सीटखाली घातला… खट. क्लच सोडला. अन् गाडीनं काय पकडलं म्हणता! टाळ्या! सोजराबाई म्हणतात, "बघा माझ्या मिरच्या!" स्वप्निल म्हणतो, "सेन्सर सेट झाला." अन् शिवहार पळत येऊन मागं बसला, तळपायातून रक्त येऊन राहिलं, अन् हसून म्हणतो, "दादा, गाडी लई गुणाची हाय तुमची."

आठ पस्तीस झालते. हाणली गाडी. वारंगा फाटा आला, धर्मसिंगचं दुकान बंद, मनात म्हणलं वाचलो. बाळापूर मागं पडलं, अन् वाजला फोन. आता फोन जोडलेला टेपाला, तो बी धर्मसिंगनंच जोडून दिलेला, आपोआप उचलतो मेला, अन् चारी स्पीकरमधून, "हां किशनराव! आपका मिस कॉल था! गाडी नहीं पकडती क्या? अरे वो सीट के नीचे का चोर स्विच देखो! आपनेच तो बिठाया, भाई गाडी मांगता बोल के!"

मी आवाज कमी करायला गेलो, तर वाढला. "हलो! हलो किशनराव! भाई तो नहीं ना बाजू में?"

मशीन हाय म्हणे, बंद पडतंच! नको तवा पडत न्हाई हो, हे कोणी सांगत न्हाई!

कळमनुरी आली, कळमनुरी गेली. मी आरशात बघितलंच न्हाई. एकदाच मागून शिवहारचा आवाज आला, "दादा, पुढं म्हशी हायेत, हळू." बस. नऊ बावन्नला गेटावर पोचलो. पोरगी उतरली, अन् तुमाला सांगतो, माझ्या पाया पडली! माझ्या! अन् पळत आत गेली. मला लाजेनं तिला "यश येवो" बी म्हणता आलं न्हाई. तरी भरतीत निघाली हो ती. ट्रेनिंगला गेली, घरात पोलीस झाली.

दुसऱ्याच दिवशी मी ते बटण काढून टाकलं. चावी घेऊन शिवहारच्या दारात गेलो, तो शेळ्यांना पाला टाकून राहिलता. म्हणलं, "शिवहार… ते बटण… काढून टाकलं बघ मी." त्यानं वर बघितलं. अन् म्हणला, "कोणतं बटण, दादा?" अन् आत हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

तवापासून सहा महिने झाले, एकदा बी गाडी मागितली न्हाई त्यानं. मागच्या आठवड्यात आजारी शेळी मांडीवर घेऊन मोटरसायकलवर माझ्याच दारावरून गेला, "येतो दादा" म्हणत. मी चावी हातात घेऊन उभाच.

आता गाडी एका चावीत सुरू होती. रोज सकाळी जाऊन बसतो, पाच मिनिटं चालू ठेवतो अन् बंद करतो… उभ्या उभ्या बॅटरी उतरती हो, नेणारं कोणी न्हाई ना.