आधी गरम, मग विसण

मंडळी, आज देवाचं नाव घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, ज्याचं त्यानं मनात द्या! माणूस गेला की त्याला आंघोळ घालायला सगळी गल्ली गोळा होते. कुणी अंगणात चूल मांडतं, कुणी घागर आणतं, मुंबईचा जावई रजा टाकून येतो! मग त्याच माणसाला — जिवंतपणी — एक तांब्या पाणी कोण घालतं?

दिलंत मनात? पखवाजवाले तात्या, तुम्हीसुद्धा? असू द्या. ऐका.

इचलकरंजीत रावसाहेब तोडकर म्हणून एक गृहस्थ. स्वतःचे यंत्रमाग, दुमजली बंगला, दारात गाडी. वडिलांना दादा म्हणायचे. दादांनी मात्र जन्मभर दुसऱ्याचे माग चालवले. एकदा मागावरचा धोटा उडाला — धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं पळतो ना, लाकडाचा, टोकाला लोखंड — तो असा बसला कानामागं! बोटभर वण राहिला. पण कितीही दमून आले तरी पोराला आंघोळ स्वतः घालायचे. आधी कढत पाणी. मग त्यात गार पाण्याचं विसण. मग आपलं कोपर बुडवून बघायचं, पोराला सोसतंय का!

क्रम ध्यानात ठेवा हं! गरमात गार. गारात गरम नाही. का नाही? बघा, बायका कशा एकमेकींकडं बघतायत! माहितेय त्यांना. गारात गरम ओतलेलं पाणी आपल्याकडं मर्तिकाला असतं.

तर त्या दादांना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं खाटेवर. रोज ओल्या फडक्यानं अंग पुसायचे, की झालं. बोलणं गेलं, एवढंच काय ते राहिलं — "रावसा, एक तांब्या घाल की रं अंगावर."

सूनबाई मालनबाई भल्या. म्हणाल्या, "अहो, खुर्चीत बसवूया. मी पाणी तापवते, तुम्ही धरा."

"आणि घसरले म्हणजे? काही नको. दादांसाठी हॉट टब आणतो. गरम पाणी, चहूकडून फवारे, राजासारखे बसतील!"

घ्या! बापानं मागितला तांब्या, लेकाच्या डोक्यात शिरला टब! हसू नका. खोटं नाही सांगत, रावसाहेबांचा बापावर जीव होता. नसता तर मी हे आख्यान लावलंच नसतं.

आता टब म्हणजे काय एक प्रकार? लाकडाचा आहे, फायबरचा आहे, हवा भरून फुगवायचा आहे! ह्यात चार जण बसतात, त्यात सहा. अहो, बसणार एकटे दादा, बाकी पाच जागांवर कोण, पाहुणे? रावसाहेब रोज रात्री चष्मा लावून चित्रं बघायचे. ह्याचे फवारे जास्त, पण पायरी उंच. त्याची पायरी बरी, पण झाकण हलकं. महिना गेला, दोन गेले, पाच गेले. आणि आतल्या खोलीतून आवाज — "रावसा, एक तांब्या…"

"टब येतोय दादा! जरा दम धरा!"

एकदा कोल्हापूरच्या दुकानात गेले. भर दुपार. लाकडाचा गोल टब, कोरडा ठणठणीत. आणि त्यात एक म्हातारा पाठमोरा बसलेला! उघडे खांदे, हाडं वर आलेली. रावसाहेब विक्रेत्याला म्हणाले, "ते आजोबा उठले की मी बसून बघतो."

"कोण आजोबा, साहेब?"

बघतात तर टब रिकामा. पण बसायच्या फळीवर ओलं! कोरड्या टबात, मंडळी! रावसाहेबांनी हात लावला. गारढोण. काय वाटलं असेल त्यांना? काय नाय! म्हणाले, लाकूड पाझरतंय, हा नको.

पुढं सांगलीला गेले. तिथला फायबरचा, पांढराशुभ्र. पुन्हा तोच पाठमोरा. पण ह्या खेपेला खांदे दिसेनात, नुसती मान वर. आणि कानामागं… बोटभर वण.

रावसाहेबांनी तडक बाहेर येऊन घरी फोन लावला. "मालन, दादा कसे आहेत?"

"बरे आहेत की. तेच म्हणतायत, तांब्या घाला. घालू का मी?"

मंडळी, देव किती वेळा दार वाजवतो? इथं त्यानं दार वाजवलं नाही, फोडलं! बाई विचारतेय, घालू का! आणि हा भला माणूस काय म्हणाला? "नको नको, आता थोडक्यासाठी घाई कशाला! पुण्यात एक नवा आलाय, त्याची पायरी बेताची आहे. तेवढा बघतो आणि ठरवतो."

अरेरे रे! मला सांगतानासुद्धा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी पुणं. दुकान उघडतंय तोवर हे दारात. टब मात्र झकास! पायरी बेताची, झाकण जड, धरायला दांडा. रावसाहेब म्हणाले, ठरलं. विक्रेता खूश. "साहेब, पाण्याला हात तरी लावून बघा!" टब थंड पाण्यानं भरलेलाच होता. तापायला वेळ लागणार, म्हणून त्यानं आतून कढत पाण्याची बादली आणली आणि ओतली — त्या गारात!

"अहो, काय करताय! गारात गरम ओतताय?"

वाफ उठली. वाफेखाली पाण्यात एक कपाळ दिसलं, नुसतं कपाळ. मग ते हळूहळू वर आलं आणि वळलं. दादा! ओठ हलले. दोन वर्षांत पहिल्यांदा दादा दुसरं काही बोलले.

"असू दे, रावसा. आता असंच लागतंय."

आणि खिशातला फोन वाजला.

पुढचं तुम्हाला कळलं. माणूस गाडी मारत घरी आला, तेव्हा दुपार कलली होती. अंगणात दादांना पाटावर निजवलेलं. सगळी गल्ली हजर! तीन घागरी, पाच बादल्या! मालनबाई भिंतीला टेकून बसलेल्या. म्हणाल्या, "सकाळी पाणी तापवलं होतं मी. खुर्चीसुद्धा मांडली. मग वाटलं, तुम्ही आज टब ठरवूनच येणार. म्हणून थांबले."

कुणीतरी रावसाहेबांच्या हातात तांब्या दिला. त्यांनी बादलीत कोपर घातलं. सवय! ज्यानं लावली तो समोर निजलेला. शेजारचे एक म्हातारे म्हणाले, "रावसाहेब, आता कोपर कशाला? त्यांना काही भाजत नाही."

"हे पाणी ओतून टाका! आधी गरम आणा, त्यात विसण घालतो!"

"तसं नाही चालत, बाबा. तसं पाणी जिवंत माणसाला."

हंबरडा फोडला हो त्या माणसानं! अख्ख्या गल्लीनं ऐकला. पण दादांना ऐकू जायची वेळ निघून गेली होती. मग घातलं. एक तांब्या. मागितला होता तेवढाच.

आता तुमच्याकडं वळतो. तुमचा टब कोणता? कुणाचा फ्लॅट व्हायचाय, कुणाची बढती व्हायचीय, कुणाला चांगला डॉक्टर शोधायचाय, आणि तोवर आतल्या खोलीत कुणीतरी साधं काहीतरी मागतंय. मी नावं घेत नाही. पण आत्ता ह्या मंडपात तीन-चार माना खाली गेल्या, त्या मला इथून दिसतायत.

अजून दुपार झालेली नाही. आरती मी आणि तात्या दोघं करतो, देवाचं काही अडत नाही. ज्यांची मान खाली गेली त्यांनी उठा, आत्ता घरी जा. चूल पेटवा, गॅस पेटवा, काय असेल ते पेटवा. आधी गरम घ्या. मग विसण. कोपर बुडवून बघा.

क्रम चुकवू नका, मंडळी. उठा!