चांदीच्या अंगात आलं!

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक साधा प्रश्न! समोर कुणी डोलतंय — ते आनंदानं, की दुखण्यानं? ओळखायचं कसं? तात्या, तुम्ही मान हलवू नका! तुमचं डोलणं झोपेचं, ते मला इथनं दिसतंय!

तर ऐका. कोळेवाडीत म्हाळसाबाई नावाची एकटी बाई. तिची एकच गाय — चांदी! तांब्याभर दूध महादेवाच्या अभिषेकाला, उरलेल्यावर बाईचं घर. आणि देवळात सिदू गुरव! भाविक किती? देवाला वाहिलेलं पान पायाखाली येईल म्हणून देवळात उड्या मारत चालायचा!

श्रावणातला सोमवार. गावानं बेल वाहिला, फुलं वाहिली, आणि धोत्रा! काटेरी फळांचा ढीग पिंडीएवढा! आता एवढं निर्माल्य टाकायचं कुठं? सिदू म्हणाला, "काकू, देवाला दूध चांदीचं. मग देवाचं निर्माल्य तिच्याच मुखी पडू दे!"

पाटी गव्हाणीत ओतली. चांदीनं हुंगलं — आणि तोंड फिरवलं! तिला पोथी वाचता येत नाही, पण नाक शाबूत आहे! सिदूला मात्र पोथी येत होती ना! त्यानं सगळं विळीवर बारीक चिरलं, पेंडीत कालवलं, वर गूळ! "प्रसाद नाकारू नये गं माय!" चांदीनं गव्हाण चाटूनपुसून साफ केली.

दुपारी चांदी डोलायला लागली. बुबुळं ही एवढी! खांबाला धडकली, मागं सरली, परत धडकली. सिदू ओरडला, "अंगात आलं! नंदी संचारला!"

झालं! सगळा गाव गोठ्यात! हळद, कुंकू, हलगी — आणि रांग लावून प्रश्न! "आई, माझ्या बोअरला पाणी लागंल का?" चांदीनं मान झटकली. "नाही म्हणती!" सरपंचांनी हात जोडले, "पुन्हा उभा राहू का?" चांदीनं त्यांना शिंगानं शेणात ढकललं! टाळ्या! इतका साफ कौल गावात कधी मिळाला नव्हता!

एकटी म्हाळसाबाई हसत नव्हती. तिनं पोटावर हात ठेवला. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली, जीभ कोरडी पडलेली. "अरं बाबांनो, माझी गाय मरतीया!" ऐकतो कोण? "काकू, संचारात असंच असतं!"

बाई अनवाणी धावली, जनावरांच्या दवाखान्यातनं शेख डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. तर दारातच लोक म्हणतात, "मॅडम, आधी चपला काढा!" काढल्या बिचारीनं! गव्हाणीखाली सांडलेलं एक काटेरी साल उचललं.

"हा धोत्रा कुणी घातला?"

सिदू छाती काढून म्हणतो, "मी! महादेवाला चालतो!"

"महादेवानं विष गळ्यात अडवलं, गुरवबाबा. हिच्या ते पोटात गेलंय. चिरून, गूळ लावून विष जात नसतं. कुणीतरी डोकं धरा, नळी घालायचीय!"

धरणार कोण? नंबर सोडायला कुणी तयार नाही!

शेवटी म्हाळसाबाईनं एक शिंग धरलं. सिदूचं तोंड पांढरं पडलं होतं. दुसरं त्यानं धरलं. नळी आत गेली, आणि पोटातला वारा असा सुटला — असा सुटला — की पुढच्या रांगेतली भक्ती एका दमात ओढ्यापलीकडं पांगली! मग कोळशाच्या पुडीचं पाणी, सुया, दोन दिवस धाकधूक. तिसऱ्या दिवशी चांदीनं रवंथ केलं. म्हाळसाबाई तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

हसताय? हसा! त्या रांगेत तिसरा कोण होता, सांगू? हातात नारळ, खांद्यावर धुतलेलं उपरणं — मी! मला विचारायचं होतं, माझ्या कीर्तनाला गर्दी कधी होणार! चार हातांवर एक जीव जात होता, आणि मी टाचा उंचावून बघत होतो, माझा नंबर कधी येतोय!

तेव्हा मंडळी, म्हाळसाबाईनं ओळखलं तसं ओळखा. घरोघरी कुणीतरी असतंच — सगळं सोसणारी सून, हूं की चूं न करणारा म्हातारा. आपण लांबनं म्हणतो, वा, किती समाधानी! आज घरी गेलात की जवळ बसा, हात लावून बघा. पाया मग पडा.