बाईसाहेब फितूर झाल्या

...नाही नाही, मेहुण्यावर माझा राग नाहीच! मेहुणा तो, त्यानं नाही फसवायचं तर कुणी? पण गाय? स्वतःची गाय? तुम्हाला सांगतो, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर!

म्हणजे बघा, मुरघास करणं, गुरांसाठी हिरवा चारा मुरवून ठेवणं, हे काय येरागबाळ्याचं काम आहे? मका नि गवत बारीक कापायचं, खड्ड्यात थरावर थर ओतायचं आणि वर उभं राहून तुडवायचं. ट्रॅक्टर असून मी स्वतः तुडवतो! कारण चाक कोपऱ्यात पोचत नाही, आणि कोपऱ्यात हवा राहिली की बुरशी धरलीच. मग वर प्लास्टिकचा कागद, कागदावर जुने टायर. पुढं महिन्या-दीड महिन्यानं उघडलं की असा आंबूस, गोडसर वास सुटतो... आमची ही म्हणते, "अहो, आधी आंघोळ करा, मग घरात या." अगं, अत्तर आहे हे, अत्तर!

तर या खड्ड्यावर मेहुण्याची नजर. हिचा धाकटा भाऊ. आला, टायरवर टेकला आणि सुरू... "दाजी, सोनं तुम्ही जनावरांच्या तोंडात घालताय! मी पिळायचं मशीन आणलंय. रसाचं प्लास्टिकसारखं काहीतरी करायचं, पण मातीत विरघळणारं. चोथ्याच्या फळ्या, कुंड्या... आणि उरलेला चोथा गाईंना. काही म्हणून वाया नाही!"

मी म्हटलं, "म्हणजे सत्त्व तू नेणार आणि चिपाड माझ्या गाईंना?" यावर हिनं माझ्या बाजूनं बोलावं की नाही? "ऐकून घेतलं तर काय अंगाला भोकं पडतील?" झालं! घरचंच माणूस गेलं पलीकडं. विश्वास ठेवायचा कुणावर!

मग मी हुकमाचा एक्का काढला. आमची एक गाय आहे, बाईसाहेब म्हणतो आम्ही तिला. नखरे काय विचारता! घमेलं बदललं तरी तोंड फिरवते. वासरू असताना बाटलीनं दूध पाजलंय मी तिला, आजारपणात उशाशी बसलोय. मी म्हटलं, "बाईसाहेबांपुढं दोन घमेली ठेवू. एकात माझा मुरघास, एकात तुझा चोथा. चोथा खाल्ला, तर खड्डा तुझा. नाही खाल्ला, तर मशीन उचल आणि चालू लाग." मीच म्हटलं हो... याच तोंडानं!

जनावरांचा डॉक्टर साक्षीला. बाईसाहेब आल्या. माझ्या घमेल्याशी थांबल्या, हुंगलं, एक घास घेतला. मी मेहुण्याकडं बघत मिशीवर हात फिरवतोय, तोवर... गेली ना पलीकडं! आणि खाल्लं म्हणजे कसं? मान वर नाही! मग माझ्याकडं बघून हंबरली. मला वाटलं, माफी मागतेय. डॉक्टर म्हणतो, "आणखी मागतेय हो ती!"

म्हटलं, ठीक आहे, दूध आटेल तेव्हा कळेल. आठवडा गेला... तेवढंच दूध! दूधसुद्धा फितूर!

हसा, हसा तुम्ही. पण खड्ड्यापाशी जाऊन बसलो आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं तिच्या एका घासासाठी पाय झिजवले, आणि तिला काय, पिळून काढलेला चोथा गोड लागतो?

मग मी रुसलो. जेवणार नाही म्हटलं. सकाळी नाही, दुपारी नाही. कुणी समजूत काढायला आलं? मशीनच्या घरघरीत माझा उपास कुणाला ऐकू येणार! संध्याकाळी ही आली, गरम जेवण वाढून. ताट समोर ठेवलं. ताट कसलं... तपकिरी, हलकं, खरबरीत! म्हणते, "आपल्या खड्ड्यातल्या चोथ्याचं पहिलं ताट. त्यानं खास तुमच्यासाठी काढलंय."

माझा मुरघास! माझ्या पायांनी तुडवलेला! त्यात मी जेवू? स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही? फिरवली मान. तेवढ्यात भाजीची वाफ नाकाशी आली... आणि मान आपली आपण परत फिरली हो!

दुसराच घास असेल. ही दारात गेली आणि भावाला ओरडून सांगतेय, "अरे, खाल्लं रे ह्यांनीसुद्धा!"

मी मान वर केलीच नाही. तोंडात घास होता.