मनुबाईच्या कपाळावरच्या जखमेबाबत

दि. २० नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.४० वा.

मी लालासाहेब हंबीरराव निकम, वय ६३ वर्षे, धंदा शेती, सैन्यातून नाईक पदावरून निवृत्त, रा. नांगरवाडी, ता. पलूस, जि. सांगली. मला पोलीस ठाण्यात कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आलो आहे आणि समक्ष सांगतो की,

माझी एकुलती एक मुलगी शिवांजली हिचे लग्न मी २०१८ साली माझी धाकटी बहीण मनुबाई पाटणकर हिचा मुलगा उदयसिंह याच्याशी लावून दिले. आमच्यात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. बहिणीचे सासर गावातच, पाटणकर गल्लीत. मुलगी परक्या घरी जात नाही म्हणून मी खुशीने दिली.

उदयसिंह शिरवळ येथे कारखान्यात कामाला होता. तिथे तो व शिवांजली भाड्याच्या खोलीत राहत. दि. ९ मार्च २०२१ रोजी दुपारी त्याने तिचा ओढणीने गळा आवळला व तिने फास घेतला असे सर्वांना सांगितले. ती २६ वर्षांची होती. फिर्याद मी दिली. खटला सातारा येथे चालला.

परवा, मंगळवारी दि. १८ रोजी दुपारी बाराच्या सुमारास कोर्टाने उदयसिंह यास दोषी ठरविले. शिक्षा किती, ते उद्या शुक्रवारी सांगणार आहेत. त्या वेळी मी कोर्टात होतो. बरे वाटेल असे साडेचार वर्षे वाटत होते. तसे काही वाटले नाही.

आमच्या गावचा जोतिबा माने, वय अंदाजे ४०, याची जीप आहे. प्रत्येक तारखेला मला साताऱ्याला त्यानेच नेले. डिझेलसुद्धा घेतले नाही. तो कोर्टात येत नसे, बाहेर चहाच्या गाड्यावर थांबत असे. निकाल ऐकून त्याने गावात फोन केले आणि पेढ्यांचे तीन बॉक्स घेतले.

सायंकाळी पाचच्या सुमारास आम्ही वेशीत पोहोचलो. तिथे शे-सव्वाशे लोक, हलगी, फटाक्यांच्या माळा व गुलाल होता. बायका ओट्यावर रडत होत्या. पोरे फाशीच्या घोषणा देत होती. आमच्या भावकीतले भाऊसो निकम, वय ८०, पुढे येऊन म्हणाले, "आरं, पोरगी गेलेल्या घराचा गुलाल हाय का ह्यो? इलेक्शन जिंकलाय व्हय रं?" त्यांना कोणीतरी बाजूला घेतले. मला गुलाल लावला. मी नको म्हणालो नाही.

गावात जिंकल्याची मिरवणूक हरलेल्याच्या दारावरून वळसा घालून देवळात जाते. पारापाशी आल्यावर जोतिबाने मला विचारले, "तात्या, सरळ देवळात जायाचं का पाटणकर गल्लीतनं घ्यायचं?" हलगी थांबली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते सगळ्यांना कळले.

मनुबाईच्या दारात घोषणा झाल्या. तिच्या कौलांवर दगड पडले. पहिला पडला तेव्हा मी गप्प होतो. दुसरा पडला तेव्हाही गप्प होतो. तेवढ्यात ती दार उघडून बाहेर आली. तिने गर्दीकडे बघितलेच नाही, माझ्याकडे बघत होती. त्याच वेळी जोतिबाने मारलेला दगड तिच्या कपाळाला लागला. जोतिबा माझ्या उजव्या हाताला दोन पावलांवर होता. मी स्वतः पाहिले. ती उंबऱ्यावर बसली. मग लोक पांगले.

आता जे सांगतो ते हवालदारसाहेब गरज नाही म्हणाले, पण मी लिहा म्हणालो. शिवांजली गेली त्या दिवशी मनुबाई शिरवळला त्यांच्याकडे होती. दळण घेऊन आली तेव्हा उदयसिंहच्या हातात ओढणी होती व मुलगी जमिनीवर होती. हे तिने ऑगस्ट २०२४ मध्ये साताऱ्याच्या कोर्टात, त्याच्यासमोर, जसेच्या तसे सांगितले. "तो तुमचा मुलगा आहे का?" असे वकिलाने दोनदा विचारले. ती दोन्ही वेळा "व्हय" म्हणाली. दुसरे कोणी पाहणारे नव्हते. उदयसिंह दोषी ठरला तो तिच्या साक्षीने.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गावचा माणूस मी एकटाच होतो. ती मुलाला सोडवायला गेली होती असे गाव धरून चालले. मला विचारले की मी "तिचं ती बोलली" एवढेच म्हणत असे. कोर्टातून ती एकटी एसटीने परत आली. जीपमध्ये जागा होती. मुलगी गेल्यापासून पाच भाऊबिजा मी तिच्या दारात गेलो नाही. माझी लेक गेली आणि हिचा लेक जिता आहे, हे माझ्या मनातून निघत नव्हते. तिला गावाने बोल लावले की मला थोडे हलके वाटायचे. हे खरे आहे.

काल पेपरात आईच्या साक्षीवर शिक्षा होणार असे छापून आले. तेव्हापासून गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. जोतिबा माझ्याकडे आला व "तात्या, आधी का न्हाई सांगितलंसा?" एवढे म्हणून रडला.

काल दुपारीच मी सांगलीच्या दवाखान्यात मनुबाईकडे गेलो. तिला सात टाके पडले आहेत. ती म्हणाली, "दादा, तू कशाला आलास? मी पोलिसास्नी सांगितलंय, उंबऱ्याला ठेचकाळून पडली म्हणून." खोटे का सांगितलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "एक तर आत गेला. आता तुला बी घालू व्हय?"

पोटच्या मुलाच्या वेळी ती खरे बोलली. माझ्यासाठी खोटे बोलली. तिचा तो जबाब धरू नये.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जोतिबाचे माझ्यावर उपकार आहेत व त्याला तीन मुली आहेत, हे मला माहीत आहे. पण मान मी हलवली नसती तर मिरवणूक सरळ देवळात गेली असती.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखविला. वाचताना "जमावातील अज्ञात इसमाने दगड मारला" असे आले. ते माझ्या सांगण्यावरून खोडून, तिथे आधी माझे व मग जोतिबाचे नाव घातले आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
(लालासाहेब हंबीरराव निकम)