तांब्या, मोऱ्या आणि एकच लाइन

(देवळी, १९८७. पोळ्याची दुपार. समोरच्या खोलीत तखतावर जर्मनीत राहणाऱ्या मुलानं, भैय्याजीनं, आणलेली खेळण्यातली आगगाडी : बोटभर रुंदीचे रूळ, बटणांचं खोकं आणि दोन छोटी इंजिनं, एक लाल, एक काळं. खोलीत तिघं : रेल्वेतून रिटायर झालेले केबिनमन वासुदेवराव, त्यांची बायको देवकाबाई आणि बसस्टँडजवळच्या रेडिओ दुकानाचा मोतीलाल.)

मोतीलाल : खोक्यावरचा दिवा तं लागून राह्यला, काकाजी. मंग मेलं मेलं काऊन म्हणता?

वासुदेवराव : दिवा लागते. गाडी हालत नाई. सकाळपासून नाई. बांध ते पेटीत अन् ठेव बाजूले.

देवकाबाई : पेटी बांधाले बलावलं का मी त्याले? मोतीलाल, तू पाह्य रे बापू. यायचं आयकू नको.

वासुदेवराव : भैय्याजी आज संध्याकाळी निंगते. जर्मनीले नेऊन दाखवतो म्हणते.

मोतीलाल : तुमचं पोरगं तं इंजिनेर ना. घरीच खोलून पाह्यलं नसतं का?

देवकाबाई : तो रंगाच्या कारखान्यातला इंजिनेर. म्हणते, आई, मी फक्त इकत आणलं, मले यातलं काई समजत नाई. आता बहिणीले भेटाले सिंदी मेघेले गेला. आला का पेटी उचलते अन् जाते. मंग येईन तो तीन वर्षानं. तीन वर्षं, मोतीलाल. तुह्या काकाजीचं वय पाह्य.

वासुदेवराव : वय कायले आणतं मधात.

मोतीलाल : बरं, बरं. मले एक सांगा. मी रेडिओ खोलले, टेपरेकॉर्डर खोलले, हे कधी नाई. रुळाले करंट देला का इंजिन पळते, कमी केला का हळू होते. एवढंच ना?

वासुदेवराव : तसं नोहे. तसं असतं तं दोघंबी संगच पळाले असते. इथं रुळाले करंट सदा सारखाच. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चकती हाये. दोघायले नंबर देले. लाल सात, काळं बारा. खोक्यावर सात दाबून खटका फिरवला का सात नंबरचंच हालते. बारा तेथीच उभं. त्याच रुळावर, त्याच करंटात.

मोतीलाल : वेगळी तार नाई काई नाई?

वासुदेवराव : नाई. हुकूम रुळातूनच जाते. आयकते दोघंबी. ज्याचा नंबर, तोच मानते.

मोतीलाल : कमाल हाये. माह्या रेडिओत दोन स्टेशन एका जागी आले का दोघायची खिचडी होते.

वासुदेवराव : मीबी पह्यल्या दिवशी पाहतच राह्यलो. जनम सिग्नलच्या केबिनीत गेला. एका टप्प्यात एकच गाडी. दुसरी सोडाच्या आधी पुढच्या स्टेशनले इचारा, लाइन क्लिअर हाये का. दोन गाड्या एका लाइनीत, हे मले सपनात दिसे अन् गादी घामानं ओली होये. अन् भैय्याजीनं इथं दोन्ही एकाच लाइनीत सोडल्या. म्हणे, बाबा, आता तुम्ही चालवा.

देवकाबाई : लाइन क्लिअर म्हणूनच खटका फिरवला यायनं.

वासुदेवराव : म्हणणारच.

देवकाबाई : मले नाई बा नवल वाटलं. वडनेरले माह्या बापाच्या गोठ्यात बैलच बैल. अंधारात तांब्या म्हणून हाक मारली का तांब्याच मान वर करे. बाकीचे रवंथ करत बसत. म्हटलं, तसंच हाये हे. मंग मीच नावं ठेवली. लालचं तांब्या, काळ्याचं मोऱ्या.

वासुदेवराव : बैल जित्ता असते वं. हा पत्रा हाये. पत्र्यानं आपलं नाव ओळखावं, माणसानं हात न लावता, हे किती मोठं हाये तुले समजत नाई.

मोतीलाल : देखो काकाजी, माह्यापाशी हा दोन तारायचा बल्ब हाये. रुळावर टेकवतो. लागला का? नाई. इकडे? नाई. इथं जरासा लुकलुकला. आता खिळ्यानं घासून पाहतो.

वासुदेवराव : ओरखडा नको पाडू.

मोतीलाल : नाई पाडत. हा पाहा, चांगला लागला. म्हणजे करंट हाये, रुळावर काईतरी थर बसला. काकू, फडकं द्या एखादं. हे काय निंगून राह्यलं? पिवळं? काकाजी, वास घेऊन पाहा.

वासुदेवराव : तूप हाये.

मोतीलाल : तूप अन् हळद.

वासुदेवराव : अवं.

देवकाबाई : काल खांदशेकणी होती ना जी.

मोतीलाल : ते बैलायची, काकू.

देवकाबाई : मंग? आपल्या घरी बैल कोठी होते? लगन झालं तवापासून रेल्वेच्या क्वार्टरात. कायचा पोळा अन् कायची खांदशेकणी. दरसाली मले बापाचा गोठा आठवे. बैलाचा खांदा तुपा-हळदीनं चोळाचा, पळसाच्या पानानं शेकाचा. जू वाहून वाहून घट्टे पडते बिचाऱ्यायले. या साली म्हटलं, आपल्याबी घरी दोन हायेत. रोज फिरते, कुरकुर करत नाई. हे देवळात गेलते तवा मी त्यायच्या चाकायले लावलं. रुळायलेबी लावलं, त्यायले कायले मागं ठेवा.

मोतीलाल : सगळ्या रुळायले?

देवकाबाई : बोटानं. चांगलं निगुतीनं. पण शेकलं नाई बा, प्लॅस्टिक वितळन म्हणून.

मोतीलाल : तेवढं बरं केलं. काकू, तुपातून करंट जात नाई. चाकाच्या अन् रुळाच्या मधात तुपाचा पडदा झाला. हुकूम तेथीच अडकला.

देवकाबाई : म्हणजे मीच बंद पाडलं.

वासुदेवराव : आवतण देलं का त्यायले?

देवकाबाई : देलं ना. कानात सांगतात तसं. उद्या जेवाले या म्हटलं.

वासुदेवराव : हूं. स्पिरिटची बाटली आतल्या कपाटात हाये. मी आणतो.

मोतीलाल : रागावले का?

देवकाबाई : काय माहीत. आत गेले तवर आयक, मोतीलाल. रिटायर झाल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. देवळीत गाडीचा भोंगाबी नाई. मी बोलो, हे हूं म्हणत. हे रूळ आले अन् माणूस माणसात आला. मले हाका मारते. ये वं, पाह्य, मोऱ्या कसा वळला. सारा संसार झाला, यायनं मले पाह्य म्हणून कधी बलावलं नवतं. पेटी गेली का पुन्हा भिंतच हाये. अन् हे मी आपल्या हातानं केलं. मले लय वाईट वाटून राह्यलं रे.

मोतीलाल : डोळे पुसा, काकू. तूपच हाये, गंज नोहे. आले काकाजी. द्या ती बाटली. मी चाकं पुसतो, तुम्ही रूळ पुसा.

देवकाबाई : मी पुसतो रूळ. मीच लावलं. मले माहीत हाये कोठी कोठी लावलं ते.

वासुदेवराव : सांध्यात पाह्यजो. सांध्यात जास्त बसते.

देवकाबाई : पुसलं जी. सांधेबी पुसले.

वासुदेवराव : मोऱ्याले बाजूच्या रुळावर, सायडिंगले ठेव, मोतीलाल. तांब्याले मेन लाइनीवर. सरका बाजूले. सात दाबतो.

मोतीलाल : हालला ना, काकाजी.

देवकाबाई : तांब्या.

वासुदेवराव : आता बारा.

मोतीलाल : दाबला का बराबर?

वासुदेवराव : दाबला. तेथीच हाये तो.

मोतीलाल : चाकं साफ, रूळ साफ, बल्बबी लागून राह्यला. मंग पोटातच काई झालं असन.

वासुदेवराव : पोटात मी हात घातला.

मोतीलाल : कवा?

वासुदेवराव : सकाळी. टोपण खोललं. आत बारीक खटके हायेत, सुईनं वर-खाली होते. नंबर त्यावरच ठरते. मले वाटलं तेच बिघडले. वर-खाली करत बसलो. आता कोणता कसा होता ते ध्यानात नाई.

देवकाबाई : म्हणजे मोऱ्या आपलं नाव विसरला?

वासुदेवराव : विसरला नाई. त्याचं नाव दुसरं झालं. काय झालं ते त्यालेच माहीत.

मोतीलाल : तं त्यालेच इचाराव लागन. एकापासून हाका मारा. ज्या नंबरावर हालला, तो त्याचा.

वासुदेवराव : ऐंशीपर्यंत हायेत नंबर. अन् भैय्याजी यायची वेळ झाली. माहे बोटं आता आयकत नाई. तू बस इथं वं.

देवकाबाई : मी? मले काय येते त्यातलं?

वासुदेवराव : हाक माराले येते. नंबर दाब, खटका जरासा फिरव, अन् त्याच्याकडे पाह्य. नाई हालला तं पुढचा.

देवकाबाई : एक. नाई. दोन. नाई. तीन.

मोतीलाल : काकाजी, तांब्याकडे पाहा. काकू दुसऱ्यायले हाका मारून राह्यल्या, अन् तो आपला फिरूनच राह्यला.

वासुदेवराव : त्याले कोणी थांब म्हटलं नाई ना. शेवटचा हुकूम धरून चालते. मी रात्री कधी कधी नुसता पाहत बसतो त्याले. बोलत नाई, इचारत नाई. सांगितलं तेवढं करते.

देवकाबाई : सात तं तांब्याचाच. तो नाई दाबत. आठ. नऊ.

मोतीलाल : असं एका लाइनीवर किती इंजिनं उभे करता येतीन?

वासुदेवराव : किती बी. जेवढे नंबर, तेवढे. माही केबिन अशी असती तं, मोतीलाल...

देवकाबाई : चूप बसा जी दोघंबी. मले पाहू द्या त्याच्याकडे. एकवीस. बावीस. नाई रे बापू? तेवीस. चोवीस.

मोतीलाल : थांबा काकू.

देवकाबाई : काय झालं? मी काई तोडलं का?

मोतीलाल : चाक हाललं त्याचं.

वासुदेवराव : खटका आणखी फिरव. हळू. हळू वं.

देवकाबाई : ये. ये रे बापू. आला जी, येऊन राह्यला. एवढ्या आकड्यायमधून त्यानं माही हाक ओळखली. माह्या अंगावर काटा आला पाहा.

वासुदेवराव : मले रोज येते.

मोतीलाल : दारात जीप थांबली. भैय्याजी उतरून राह्यला. पेटीचं काय सांगू त्याले?

वासुदेवराव : पेटीत आईचं लोणचं भरून ने म्हणा.

मोतीलाल : अन् मोऱ्याचा नंबर? खटके वर-खाली करून पुन्हा बारा जमवून पाहू का?

वासुदेवराव : नको. तिच्या हाकेवर आला तो. चोवीसच राहू दे.

देवकाबाई : अहो, इकडे पाहा ना. मोऱ्या सायडिंगच्या तोंडाशी आला अन् तिकून तांब्या येऊन राह्यला. काय करू? थांबवू का याले?

वासुदेवराव : घडीभर थांबव. तांब्या पुढं गेला का सोड मागून, त्याच लाइनीत. दोघायलेबी आपलं नाव माहीत हाये.